लढाऊ स्क्वाड्रन ४२ वरून २९ वर कशा आल्या?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. मंजूर संख्या ४२ असताना भारतीय हवाई दलाच्या लढाऊ स्क्वाड्रन २९ पर्यंत कशा घसरल्या, हा पहिला; आणि आजचे एक राफेल किंवा एक सुखोई जुन्या तीन-चार मिगचे काम एकटे करत असेल तर या घसरणीची चिंता कशासाठी करायची, हा दुसरा. मी हवाई दलाच्या अभियांत्रिकी शाखेत होतो आणि माझी बहुतेक सेवा रशियन बनावटीच्या लढाऊ विमानांच्या देखभाल-दुरुस्तीत गेली, त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो. या विषयावर बोलणारे बहुतेक जण वैमानिकाच्या आसनावरून किंवा मंत्रालयाच्या फायलींवरून बोलतात, हँगरमधून फार कमी बोलले जाते, आणि घसरण सर्वांत आधी दिसते ती हँगरमध्येच.

पहिली गोष्ट म्हणजे ही घसरण कोणी ठरवून केलेली नाही. शीतयुद्ध संपल्यावर ब्रिटनने आपले हवाई दल लहान करायचे ठरवले, तसा जाहीर आढावा घेतला, तळ बंद केले आणि माणसे कमी केली. अमेरिकेने बी-२ बॉम्बफेकी विमाने १३२ घ्यायची ठरवली होती, ती २१ वर थांबवली. एफ-२२ साडेसातशे हवी होती, ती दोनशेच्या आतच उरली. त्या निर्णयांशी कोणी सहमत असो वा नसो, ते निर्णय होते, आणि ते घेणाऱ्या देशांच्या पाठीशी नाटोसारखी आघाडी होती. आपल्याकडे मात्र कोणत्याही सरकारने, कोणत्याही हवाई दल प्रमुखाने किंवा संसदेच्या कोणत्याही समितीने २९ स्क्वाड्रन पुरेशा आहेत असे कधीही म्हटलेले नाही. कागदावर ४२ हीच संख्या कायम राहिली आणि प्रत्यक्ष संख्या वर्षानुवर्षे खाली येत गेली. म्हणूनच कारणे एखाद्या निर्णयात सापडत नाहीत. न घेतलेल्या, उशिरा घेतलेल्या आणि अर्धवट सोडलेल्या निर्णयांच्या रांगेत ती शोधावी लागतात.

हिशोब असा आहे. एका लढाऊ स्क्वाड्रनमध्ये साधारण सोळा लढाऊ आणि दोन प्रशिक्षण-विमाने मिळून अठरा विमाने धरतात. म्हणजे ४२ स्क्वाड्रनसाठी सुमारे ७५६ विमाने लागतात. एका विमानाचे आयुष्य सरासरी ३५ वर्षे धरले, जे उदार गृहीतक आहे, तर नुसती आहे ती संख्या टिकवण्यासाठी दरवर्षी एकवीस-बावीस नवी विमाने दलात यावी लागतात, आणि अपघातांत जाणाऱ्या विमानांची भर घातली की हा आकडा पंचविसाच्या आसपास पोचतो. ताफा विहिरीसारखा असतो: आज पाणी किती दिसते यापेक्षा झरे किती वाहतात यावर पुढच्या उन्हाळ्यातली पातळी ठरते. वर्षाला दहाच विमाने येत असतील आणि प्रत्येक विमान ३५ वर्षे टिकत असेल, तर तो ताफा शेवटी साडेतीनशे विमानांवर, म्हणजे एकोणीस-वीस स्क्वाड्रनवर येऊन ठेपणार, मग मंजूर संख्या कागदावर काहीही असो. एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग यांनी २०२५ च्या फेब्रुवारीत दरवर्षी ३५ ते ४० विमानांची गरज जाहीरपणे मांडली, तेव्हा अनेकांना ती मागणी अवाजवी वाटली. पण टिकवण्यासाठी पंचवीस आणि मागची तूट भरून काढण्यासाठी दहा-पंधरा, असा तो साधा हिशोब आहे.

आता इतिहास. १९६२ च्या युद्धानंतर हवाई दल ४५ स्क्वाड्रनपर्यंत वाढवण्याची योजना आखली गेली आणि त्या वाढीचा कणा मिग-२१ होते. १९६३ मध्ये चंदीगडला पहिली मिग-२१ दाखल झाली, १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला कारखान्याची उभारणी सुरू झाली, आणि पुढची दोन दशके ओझरच्या धावपट्टीवरून एफएल, एम आणि बिस या आवृत्त्या एकामागून एक बाहेर पडत राहिल्या. एकूण ८७० हून अधिक मिग-२१ भारताने वापरली आणि त्यांतली बहुसंख्य इथेच बांधली गेली. सांगाडा ओझरला, इंजिने कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी ती विभागणी होती. निफाड-दिंडोरी तालुक्यांतल्या किती घरांचा चरितार्थ ओझर-मिगच्या नोकरीवर चालला हे नाशिककरांना सांगायला नको. मिग-२१ विषयी लोकांच्या मनात अपघातांची आठवण अधिक ठसली आहे, आणि ती खोटी नाही. पण दलाची संख्या चाळिशीपर्यंत जाऊ शकली ती हे विमान स्वस्त होते, साधे होते आणि देशात सलग बनत होते म्हणूनच, हेही तेवढेच खरे आहे.

१९७९ ते १९८७ या आठ-नऊ वर्षांत जॅग्वार, मिग-२३, मिग-२५, मिराज २००० आणि मिग-२९ इतके प्रकार दलात आले, आणि ओझरला मिग-२७ चे उत्पादनही सुरू झाले. मिग-२९ च्या पहिल्या दोन स्क्वाड्रन पुण्यात लोहगावला उभ्या राहिल्या. त्या काळात दलात असलेल्या माणसाला आपण भरभराटीच्या काळात आहोत असेच वाटायचे. पण विमाने एकगठ्ठा येतात तेव्हा ती एकगठ्ठाच म्हातारी होतात, आणि या साध्या वस्तुस्थितीची तरतूद कोणत्याही योजनेत नव्हती. ऐंशीच्या दशकात आलेला गठ्ठा २०१० ते २०३० या काळात निवृत्तीला येणार हे तेव्हाच ठरलेले होते. त्यांच्या जागी येणारी विमाने पंधरा-वीस वर्षे आधी ठरवायला हवी होती, म्हणजे नव्वदच्या दशकात.

आणि नव्वदच्या दशकातच सगळे थांबले. १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटली, त्याच वर्षी सोव्हिएत संघ कोसळला, आणि आपल्या ताफ्याचा जो मोठा भाग तिथल्या कारखान्यांवर अवलंबून होता त्याचे सुटे भाग आता वेगवेगळ्या नव्या देशांत विखुरलेल्या, पगार द्यायला पैसे नसलेल्या कारखान्यांकडून मिळवावे लागू लागले. बोफोर्स प्रकरणानंतर संरक्षण खरेदीच्या फायलीवर सही करायला अधिकारी कचरू लागले होते, त्याचा परिणामही याच काळात जाणवला. १९८७ नंतर नवे लढाऊ विमान आले ते १९९७ मध्ये, पुन्हा लोहगावला, सुखोई-३०. मधल्या दहा वर्षांत ओझरला मिग-२७ ची उरलेली मागणी पुरी होत होती, बाकी नव्या कोणत्याही प्रकाराची चाहूल नव्हती.

या मधल्या काळात हँगरमध्ये काय चालते, ते थोडे जवळून सांगतो, कारण स्क्वाड्रनची संख्या कमी होण्याच्या कित्येक वर्षे आधी स्क्वाड्रन आतून पोकळ होते. पश्चिम सीमेवरच्या एका तळावर सकाळच्या ब्रीफिंगला फळ्यावर ताफ्यातल्या प्रत्येक विमानाचा शेपटीवरचा क्रमांक आणि त्यापुढे त्याची स्थिती लिहिलेली असे. अठरापैकी दहा उडण्यायोग्य असली तर दिवस चांगला समजायचा. हँगरच्या कोपऱ्यात एक विमान कायमचे जॅकवर चढवलेले असे आणि त्याला सगळे ख्रिसमस ट्री म्हणत, कारण इतर विमानांना जे लागेल ते त्याच्या अंगावरून उतरवले जाई. समजा उद्याच्या उड्डाणासाठी एका विमानाचा हायड्रॉलिक पंप हवा आहे आणि भांडारात तो नाही. मग तंत्रज्ञ सार्जंट कोपऱ्यातल्या विमानाचा चांगला पंप काढतो, त्याची नोंद एका विमानाच्या फॉर्म ७०० मध्ये, म्हणजे देखभालीच्या नोंदवहीत, करतो, तो दुसऱ्या विमानाला बसवतो, तिथली चाचणी घेतो, दुसऱ्या फॉर्म ७०० मध्ये नोंद करतो, आणि सहा महिन्यांनी नवा पंप आला की हे सगळे उलट क्रमाने पुन्हा करतो. एका कामाला दुप्पट-तिप्पट माणूसतास लागतात, प्रत्येक वेळी पाइपांचे जोड सैल-घट्ट होतात, आणि प्रत्येक हाताळणीबरोबर चुकीची शक्यता वाढते. कागदावर मात्र ते विमान स्क्वाड्रनच्या हजेरीपटावर असतेच. संसदेत स्क्वाड्रनची संख्या सांगितली जाते तेव्हा हे कोपऱ्यातले विमानही त्यात मोजलेले असते.

दुसरी गोष्ट आयुष्याची. प्रत्येक विमानाला उत्पादकाने दोन मर्यादा घालून दिलेल्या असतात, उड्डाणतासांची आणि वर्षांची, आणि दोन्हींतली जी आधी संपेल ती लागू होते. एकूण तांत्रिक आयुष्य, ज्याला आम्ही टीटीएल म्हणतो, ते संपत आले की तज्ज्ञांची समिती बसते, काही सांगाड्यांच्या सांध्यांची आणि पंखांच्या मुळांची तपासणी होते, थोडी वर्षे वाढवून मिळतात. मिग-२१ ला अशी वाढ पुन्हा पुन्हा दिली गेली. त्यातल्या १२५ बिस विमानांचे बायसन हे आधुनिकीकरण ओझरला झाले आणि ते चांगलेही झाले. पण ते मुळात काही वर्षांची सोय म्हणून केलेले काम होते, आणि नवे विमान न आल्यामुळे त्या सोयीवर २०२५ पर्यंत दिवस काढावे लागले. माझे ठाम मत आहे की आयुष्यवाढ हे आपल्या व्यवस्थेचे सर्वांत घातक औषध ठरले. तंत्रज्ञांनी प्रामाणिकपणे काम करून मिळवून दिलेल्या प्रत्येक वाढीमुळे दिल्लीतल्या फायलीला आणखी एक वर्ष पडून राहण्याची मुभा मिळाली.

त्या फायलींपैकी सर्वांत मोठी १२६ मध्यम वजनाच्या बहुउद्देशीय विमानांची. कारगिलनंतर हवाई दलाला आणखी मिराज २००० हवी होती, आणि त्यामागचे कारण रास्त होते, कारण १९९९ च्या जूनमध्ये टायगर हिलवर लेसर-मार्गदर्शित बॉम्ब टाकून मिराजने आपली उपयुक्तता सिद्ध केली होती. पण एकाच विक्रेत्याकडून थेट खरेदी नको, खुली स्पर्धा हवी, असे ठरले. २००१ मध्ये माहिती मागवली गेली, निविदा निघाली ती २००७ च्या ऑगस्टमध्ये, आणि मिराजचे उत्पादनही त्याच वर्षी कायमचे बंद झाले. सहा विमानांच्या चाचण्या बंगळूरपासून लेहपर्यंत झाल्या, तांत्रिकदृष्ट्या त्या उत्तम झाल्या, आणि २०१२ च्या जानेवारीत राफेलची निवड झाली. पुढची तीन वर्षे किंमत आणि हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये (एचएएल) बनणाऱ्या विमानांची हमी कोण घेणार या वाटाघाटींत गेली आणि २०१५ मध्ये ती प्रक्रियाच गुंडाळली गेली. तिच्या जागी ३६ राफेल थेट घेतली गेली. करार २०१६ मध्ये झाला, पहिली पाच २०२० च्या जुलैमध्ये अंबाल्याला उतरली आणि शेवटचे २०२२ च्या डिसेंबरमध्ये आले. सात स्क्वाड्रनची गरज होती, दोन मिळाल्या. सुमारे ११० विमानांसाठी, पुढे हा आकडा ११४ झाला, नव्याने माहिती मागवली गेली ती २०१८ मध्ये, म्हणजे पहिल्या माहिती-मागणीनंतर सतरा वर्षांनी दल पुन्हा त्याच पायरीवर उभे होते.

त्याच काळात निवृत्त्या मात्र वेळापत्रकाप्रमाणे होत राहिल्या. मिग-२५ गेली २००६ मध्ये, मिग-२३ ची शेवटची आवृत्ती २००९ मध्ये, मिग-२१ एफएल २०१३ मध्ये, मिग-२७ २०१९ च्या डिसेंबरमध्ये जोधपूरहून, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला उरलेल्या मिग-२१ चा निरोप समारंभ झाला तेव्हा ३१ चा आकडा २९ वर आला. साठच्या दशकानंतर दल इतके लहान कधी नव्हते.

तेजसविषयी सविस्तर बोलले पाहिजे, कारण हे विमान मुळात मिग-२१ च्या जागी यावे म्हणूनच कल्पिले गेले होते. प्रकल्पाला मंजुरी १९८३ ची, पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ चे, पहिली स्क्वाड्रन २०१६ च्या जुलैमधली. तंत्रज्ञान शून्यातून उभे करायचे तर वेळ लागतो, आणि ज्यांनी संमिश्र साहित्याचे पंख आणि फ्लाय-बाय-वायर प्रणाली (वैमानिकाचे आदेश संगणकामार्फत विजेच्या तारांतून पोचवणारी) देशात घडवली त्यांच्याविषयी मला आदरच आहे. माझी तक्रार विमान सिद्ध झाल्यानंतरच्या वर्षांविषयी आहे. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना मार्क १ए या सुधारित आवृत्तीचा तोडगा निघाला आणि २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये ८३ विमानांना प्राथमिक मंजुरी मिळाली. कराराला मात्र २०२१ चा फेब्रुवारी उजाडला. सव्वाचार वर्षे नुसत्या किमतीच्या छाननीत गेली. या मधल्या काळात जे घडले ते मी प्रत्येक तरुण अधिकाऱ्याला मुद्दाम सांगतो: आधी मागवलेली ६५ इंजिने पुरवून झाल्यावर, पुढची मागणी नसल्यामुळे, अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकने २०१६ मध्ये एफ४०४ या तेजसच्या इंजिनाच्या भारतासाठीच्या आवृत्तीची उत्पादन-साखळी बंद केली. २०२१ मध्ये आपण ९९ इंजिने मागवली तेव्हा ती साखळी पुन्हा जुळवावी लागली, पुरवठादार पुन्हा शोधावे लागले, मध्येच करोना आला, आणि पहिले इंजिन हाती पडले २०२५ च्या मार्चमध्ये. मार्क १ए विमाने २०२४ च्या सुरुवातीपासून मिळायची होती. २०२५ संपेपर्यंत एकही स्क्वाड्रनमध्ये पोचले नव्हते. सगळा दोष इंजिनाला देणे योग्य नाही, कारण रडार, क्षेपणास्त्रे आणि सॉफ्टवेअर यांची सांगड घालण्याचे कामही रेंगाळले. पण मंजुरी आणि करार यांतली चार वर्षे वाया गेली नसती तर इंजिनांची मागणी साखळी पूर्ण विस्कटण्याआधी गेली असती, हे नाकारता येणार नाही.

उत्पादन-साखळी हा असा विषय आहे की त्याकडे लेखापाल एका नजरेने पाहतो आणि कारखान्यातला माणूस दुसऱ्या. ओझरला सुखोई-३० एमकेआयची परवाना पद्धतीने २२२ विमाने बांधली गेली आणि चांगल्या वर्षी डझनभर किंवा थोडी अधिक विमाने बाहेर पडत. २०२० च्या सुमारास ती मागणी पुरी झाली. त्यानंतर जिग आणि फिक्स्चर, म्हणजे जुळणीचे साचे, झाकून ठेवता येतात, पण टायटॅनियमचे जोडकाम करणारा, पंखातल्या इंधनटाकीचे सीलिंग हाताने करणारा कारागीर झाकून ठेवता येत नाही. तो निवृत्त होतो किंवा दुसरीकडे जातो, सातपूर-अंबडमधले लहान पुरवठादार मोटारींच्या सुट्या भागांकडे वळतात, आणि पाच वर्षांनी नवी मागणी आली की शिकवण्यापासून सुरुवात करावी लागते. २०२४ च्या डिसेंबरमध्ये आणखी १२ सुखोईंचा करार झाला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ओझरला तेजसची तिसरी उत्पादन-साखळी सुरू होऊन तिथे बांधलेले पहिले मार्क १ए उडाले, याचा मला मनापासून आनंद आहे. तिची क्षमता वर्षाला आठ विमानांची आहे आणि तिन्ही साखळ्या मिळून चोवीस. हा आकडा वर केलेल्या हिशोबातल्या पंचविसाच्या जवळ जातो. इतक्या वर्षांत प्रथमच देशातली क्षमता, निदान कागदावर, दल टिकवण्याइतकी दिसते आहे.

आता प्रश्नाचा दुसरा भाग: कमी पण चांगली विमाने पुरेशी नाहीत का? या म्हणण्यात तथ्य आहे. एक सुखोई-३० मिग-२१ पेक्षा कितीतरी लांब जाते, कितीतरी अधिक शस्त्रे नेते, आणि हवेत इंधन भरून घेऊन तासन्‌तास गस्त घालू शकते. एक राफेल एकाच उड्डाणात पूर्वी तीन वेगळ्या विमानांना करावे लागणारे काम करू शकते. एस-४०० सारख्या जमिनीवरच्या क्षेपणास्त्र प्रणालीने हवाई संरक्षणाचा काही भार उचलला आहे, आणि २०२५ च्या मे महिन्यातल्या संघर्षात ते दिसलेही. म्हणून ४२ हा आकडा पवित्र मानण्याचे कारण नाही. साठ-सत्तरच्या दशकांतल्या विमानांच्या क्षमतेवरून आलेला तो हिशोब नव्याने मांडायला हरकत नाही.

तरीही संख्येला स्वतःचे महत्त्व आहे आणि ते तीन ठिकाणी दिसते. कच्छमधल्या नलियापासून आसाममधल्या छाबुआपर्यंत अडीच हजार किलोमीटरहून अधिक अंतर आहे, आणि कितीही समर्थ असले तरी एक विमान एका वेळी एकाच ठिकाणी असते. दोन्ही सीमांवर एकाच वेळी तणाव असेल, जसा २०२० मध्ये लडाखमुळे निर्माण होऊ शकत होता, तर एका आघाडीवरून स्क्वाड्रन उचलून दुसरीकडे नेणे म्हणजे पहिली उघडी टाकणे. दुसरे असे की, युद्धात विमाने पडतात. तीस विमानांच्या ताफ्यातून तीन गेली तर तुमची दहा टक्के क्षमता गेली, आणि ती भरून यायला पाच-सहा वर्षे लागणार असतील तर सेनापती ती विमाने धोक्यात घालताना दहा वेळा विचार करील. शस्त्र जितके दुर्मीळ तितके ते वापरायला हात मागे येतो. तिसरी गोष्ट २७ फेब्रुवारी २०१९ ची. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी पाकिस्तानने दोन डझनांच्या आसपास विमाने काश्मीरच्या दिशेने पाठवली, तेव्हा गस्तीवरच्या मूठभर सुखोई आणि मिराजच्या मदतीला श्रीनगरहून जे तयार उभे होते ते उडवावे लागले, आणि तिथे उभी होती मिग-२१ बायसन. त्या वैमानिकांच्या शौर्याबद्दल बोलावे तितके थोडे आहे. पण पन्नासच्या दशकात आखलेल्या विमानाला एफ-१६ समोर जावे लागले ते नवी विमाने पुरेशा संख्येने नव्हती म्हणून.

एकाच गोष्टीत विमाने न वाढवता संख्या वाढवता येते आणि ती म्हणजे उपलब्धता. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१५ च्या अहवालात दाखवून दिले होते की सुखोई-३० ताफ्याची उपलब्धता अपेक्षित ७५ टक्क्यांऐवजी सुमारे ५५ टक्के होती. तेव्हाच्या दोनशेच्या आसपास विमानांच्या ताफ्यात वीस टक्के म्हणजे चाळीसेक विमाने, दोनहून अधिक स्क्वाड्रन, ज्या आपण विकत घेतल्या होत्या पण उडवू शकत नव्हतो. नंतर परिस्थिती काहीशी सुधारली. नागपूरच्या अनुरक्षण कमांडकडे आणि ओझरच्या ११ बेस रिपेअर डेपोकडे, जिथे मिग-२९ ची आधुनिकीकरणे आणि सुखोईंचे ओव्हरहॉल होतात, सुट्या भागांसाठी वेळेवर पैसा देणे हा नव्या स्क्वाड्रन मिळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. दुर्दैवाने सुट्या भागांच्या पेटीसमोर फीत कापण्याचा समारंभ होत नाही, आणि अर्थसंकल्पाला कात्री लागते तेव्हा पहिला घाव तिथेच बसतो.

वैमानिकांचाही विचार करावा लागेल. महालेखापरीक्षकांच्याच नंतरच्या अहवालानुसार २०१५ मध्ये ४८६ वैमानिकांची कमतरता होती आणि २०२१ अखेर ती ५९६ झाली. यामागेही तीच कहाणी आहे: प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे अशी शिफारस १९८२ मध्ये झाली, हॉकचा करार २००४ मध्ये झाला आणि विमान बिदरला २००८ मध्ये दाखल झाले. मधली पंचवीस वर्षे तरुण मुले मूलभूत प्रशिक्षणातून जवळजवळ थेट मिग-२१ वर जात होती. विमाने उद्या आली तरी त्यांत बसणारा लढाऊ वैमानिक तयार व्हायला कित्येक वर्षे लागतात, त्यामुळे एचटीटी-४० या देशी प्रशिक्षण विमानाची ७० ची मागणी, जिची दुसरी साखळीही आता ओझरला आहे, मला राफेलच्या बातम्यांइतकीच महत्त्वाची वाटते.

पुढे काय होईल, हेही तुम्हाला जाणून घ्यायचे असेल. आजच्या २९ मध्ये सुखोईंच्या तेरा, जॅग्वारच्या सहा, मिराज २००० च्या तीन, मिग-२९ च्या तीन, राफेलच्या दोन आणि तेजसच्या दोन स्क्वाड्रन आहेत. यांतल्या जॅग्वार, मिराज आणि मिग-२९ या बारा स्क्वाड्रन ऐंशीच्या दशकातल्या त्याच गठ्ठ्यातल्या आहेत आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्या जाणार आहेत. जॅग्वार तर आता इतर देशांनी निवृत्त केलेल्या विमानांच्या सुट्या भागांवर चालवावी लागतात. तेजस मार्क १ए ची ८३ आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये करार झालेली ९७ अशी १८० विमाने वेळेवर आली तर दहा स्क्वाड्रन होतील. बारा जातील, दहा येतील. म्हणजे आतापर्यंत करार झालेली सगळी विमाने मिळाली तरीही दल २७ वर राहते, वाढत नाही. शिवाय ८४ सुखोईंच्या आधुनिकीकरणाची योजना सुरू झाली की काही विमाने सतत कारखान्यात असतील. ११४ विमानांचा प्रस्ताव, तेजस मार्क २ आणि पाचव्या पिढीचे नियोजित देशी लढाऊ विमान एएमसीए यांचे महत्त्व या हिशोबातून कळते. यांतल्या एएमसीएच्या नमुना-विमानांना २०२४ च्या मार्चमध्ये मंजुरी मिळाली आहे, त्यामुळे ते दलात भरीव संख्येने येण्याचा काळ २०३५ च्या अलीकडे धरणे मला योग्य वाटत नाही. तोपर्यंतची दहा वर्षे तेजसने आणि त्या ११४ ने काढायची आहेत.

म्हणून या विषयावरच्या बातम्या वाचताना मंजुरीच्या आणि करारांच्या रकमांपेक्षा दोन आकड्यांकडे लक्ष ठेवा. एक, बंगळूर आणि ओझर मिळून त्या वर्षी किती तेजस प्रत्यक्ष स्क्वाड्रनच्या ताब्यात दिली गेली. आणि दुसरा, जनरल इलेक्ट्रिककडून त्या वर्षी किती इंजिने आली. पहिला आकडा सलग तीन-चार वर्षे वीसच्या वर राहिला तर घसरण थांबली असे मी मानेन. तो दहा-बारावर अडकला तर पुढच्या दशकाच्या मध्याला तुम्ही आज विचारता तोच प्रश्न कोणीतरी २९ ऐवजी चोवीस-पंचविसाचा आकडा घेऊन विचारील.